बिनहाताचे हस्ताक्षर

गेल्या वैशाखात कोल्हापुरास आमच्या चुलत भावाच्या मुलीचे लग्न झाले आणि त्या लग्नाच्या अक्षता माझ्या थोरल्या बहिणीच्या मुठीतच राहून गेल्या. अक्का सांगलीहून एस.टी.ने निघाली ती वेळेच्या हिशेबाने तासभर आधीच. पण ती कार्यालयात पोचली तेव्हा दुसरी पंगत उठत होती आणि नवरदेवाच्या मित्रांनी बूट लपवण्याचा खेळसुद्धा आटोपला होता. 'अगं, किती उशीर!' असे जो तो म्हणू लागला. अक्काने पिशवीतून पत्रिका काढली आणि सर्वांसमोर धरली. मुहूर्त होता ९ वाजून ११ मिनिटांचा. अक्काने वाचला होता १ वाजून ११ मिनिटांचा. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. पत्रिका हातोहात फिरली, आणि गंमत म्हणजे पाचजणांपैकी तिघांना तो आकडा एकच वाटला. एकीकडे नऊच्या पोटातली गाठ केसाएवढी बारीक आणि दुसरीकडे एकाची शेपटी वेलीसारखी वळून वर गेलेली. त्यात 'सकाळी' हा शब्द घालण्याचे कुणाला सुचले नव्हते. माझा चुलत भाऊ बिचारा ओशाळला. 'फार नाजूक अक्षर आहे म्हणून घेतला हा नमुना,' एवढेच तो म्हणाला.

अक्का हसली खरी, पण परतताना गाडीत ती गप्प होती. अनेक वर्षांपूर्वी पाटीवर माझा हात धरून 'श्री' गिरवून घेणारी हीच अक्का. ज्या बाईचे अक्षर गावात दाखवण्यासारखे होते, तिला अक्षराने फसवावे, हे मला फार लागले. त्या दिवसापासून ही नाजूक हस्ताक्षरी वळणाची छापील अक्षरे मी शोधून शोधून पाहू लागलो. त्यांना हल्ली 'फाँट' म्हणतात. आपणही तेच म्हणू. लग्नपत्रिका, अत्तराच्या बाटल्या, मिठाईचे खोके, शाळेची प्रशस्तिपत्रे, इतकेच काय पण श्रद्धांजलीच्या फलकावरही तेच लपेटीदार, तिरपे, केसाळ अक्षर. वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरी आलेली चार शुभेच्छापत्रे जरा समोर घेऊन बसा, म्हणजे मी काय म्हणतो ते आपोआप उलगडेल.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. या अक्षरांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. त्यांत काही फार उंचीची कामे आहेत, आणि ती करणाऱ्यांनी आयुष्ये वेचली आहेत.

'नाजूक' म्हणतो ती रेघ आली कोठून? आपल्या बोरूतून ती आलेली नाही. बोरूची जीभ रुंद आणि तिरपी कापलेली असते. हात न दाबता नुसती दिशा बदलली की रेघ आपोआप जाड किंवा बारीक होते. शिवाय देवनागरीसाठी ही जीभ रोमन लिहिणाऱ्यांच्या टाकाच्या उलट अंगाने कापावी लागते. त्यामुळे त्यांच्या अक्षरात ज्या उतरणीवर जाडी येते, त्याच उतरणीवर आपल्या अक्षरात बारकी येते. ज्याने बोरू कापला आहे त्याला हे सांगायला नको. पण पत्रिकेवरची ती केसासारखी रेघ इंग्लंडातल्या टोकदार, लवचीक टाकाची. तिथे जाडी येते दाबातून. खाली येताना टाक दाबायचा म्हणजे टोक फाकते आणि शाई उतरते. वर जाताना हात उचलून धरायचा म्हणजे कोळ्याच्या धाग्यासारखी रेघ येते. अठराव्या शतकात लंडनमध्ये हे वळण भरास आले. जॉर्ज बिकहॅम याने 'युनिव्हर्सल पेनमन' नावाचा मोठा कित्ता १७३३ पासून १७४१ पर्यंत भागाभागांनी काढला, तो सगळा तांब्याच्या पत्र्यावर कोरून. त्यावरूनच या वळणाला ताम्रपटाचे नाव पडले. यात मौज अशी की तांब्यावर कोरणी टाकापेक्षाही बारीक जाते. लेखकाच्या हाताची नक्कल कोरणाऱ्याने केली; मग कोरलेले पाहून पुढच्या पिढीतल्या लेखकांनी आपल्या टाकाने कोरणीची नक्कल केली. म्हणजे या अक्षरात नक्कल आजची नाही. अडीचशे वर्षे ती अंगात मुरलेली आहे. 'फाँट म्हणजे खोटे हस्ताक्षर' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

खरी अडचण खिळ्यांची होती. शिशाचा खिळा चौकोनी, आणि हे अक्षर तिरपे व एकमेकांच्या गळ्यात हात घातलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फर्मां दिदोने तिरक्या अंगाचे, एकात एक अडकणारे खिळे पाडून ही अडचण बरीचशी सोडवली. पण जुळाऱ्याचे हाल व्हायचे ते झालेच, आणि नाजूक टोके तुटायची ती तुटतच राहिली. १९६६ साली मॅथ्यू कार्टर याने 'स्नेल राउंडहँड' केला तेव्हा शिसे मागे पडून फिल्मवरची जुळणी आली होती. फिल्मवर अक्षर अक्षरावर चढू शकते. कार्टर हा तरुणपणी हॉलंडमधल्या हार्लेम गावी जाऊन पोलादाचे ठसे कोरायला शिकलेला. म्हणजे शिशाने काय अडते हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. लंडनचा जुना लेखनगुरू चार्ल्स स्नेल याचे वळण त्याने घेतले. प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ अशा उंचीवर नेऊन सोडली की पुढचे कोणतेही अक्षर आले तरी सांधा दिसू नये. मी भिंग लावून पाहिले. सांधा सापडत नाही. या कामाला मी हात जोडतो. यात नटवेपणा नाही. हे अक्षर एखाद्या जुन्या घरंदाज कारकुनासारखे आहे: पगडी सरळ, चाल सावकाश, आणि एकही शब्द अधिक नाही.

दुसरे मोठे काम हर्मान झाप्फ या जर्मन कलावंताचे, 'झाप्फिनो' नावाचे. झाप्फ (१९१८-२०१५) न्यूरेंबर्गचा. अक्षरकला त्याला कुणी शाळेत शिकवली नाही. एडवर्ड जॉन्स्टन आणि रूडोल्फ कोख यांची पुस्तके समोर ठेवून तो घरीच शिकला. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जर्मन सैन्यासाठी नकाशे काढण्याच्या कामावर होता. त्या धामधुमीत १९४४ साली त्याने आपल्या वहीत एक वर्णमाला लिहून ठेवली. लांब झोकाची, हवेत फेकलेल्या दोरासारखी. युद्धानंतर फ्रँकफुर्टच्या स्टेम्पेल ओतशाळेसाठी त्याने एक हस्ताक्षरी वळण केलेही, पण शिशाच्या चौकोनात ते झोक मावेनात. वहीतले पान वहीतच राहिले. १९९३ च्या सुमारास डेव्हिड सीगल नावाचा एक अमेरिकन तरुण त्याच्याकडे आला. संगणकाकडून एकच अक्षर पुन्हा पुन्हा निरनिराळे कसे काढून घेता येईल, या विचाराने तो झपाटला होता. त्याने काम सुरू केले आणि मधूनच तो बाजूला झाला. झाप्फ थांबला नाही. शेवटी १९९८ साली लायनोटाइप कंपनीने 'झाप्फिनो' बाजारात आणला. चोपन्न वर्षे एका पानाने वाट पाहिली. मी कादंबरीकार आहे. माझी कपाटातली बाडे मला आठवली आणि थोडा धीरही आला.

झाप्फिनोत एकाच अक्षराची चार चार रूपे आहेत. शब्दात तेच अक्षर दोनदा आले तर दुसऱ्या वेळी दुसरे रूप घेता येते. ॲपलच्या संगणकावर तर नुसते त्याचे नाव टाइप केले की सगळी अक्षरे विरघळून एकच अखंड सही उमटते. कौतुक करावे तेवढे थोडे. पण वापर? याच्या मात्रा-शेपट्या एवढ्या लांब आणि मधली अक्षरे एवढी चिमुकली की दोन ओळींत ऐसपैस जागा सोडली तरच ते श्वास घेते. ते एका ओळीचे अक्षर आहे, फार तर दोन. लोक त्यात अख्खा परिच्छेद बसवतात, आणि कहर म्हणजे सगळी मोठी अक्षरे ओळीने वापरतात. पैठणी नेसून कोणी भांडी घासायला बसावे तसे ते दिसते; दोष पैठणीचा नाही आणि भांड्यांचाही नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे धावती लिपी होतीच, मोडी. तीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही, हात होता होईतो उचलायचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत आणि दप्तरात ती चालत होती. तिचेही खिळे पडले होते. सेरामपूरला विल्यम कॅरीने १८१० साली काढलेल्या मराठी कोशात मोडी अक्षरे आहेत. पण जी लिपी केवळ धावण्यासाठी जन्मली ती खिळ्यात पाय बांधून उभी राहिली. मोडीचे कागद वाचणाऱ्यांना छापील मोडी पाहून करमत नाही, त्याचे कारण हेच असावे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि आता तिचे फाँटही आहेत. ते अभ्यासाला उपयोगी आहेत, मी त्यांचे स्वागतच करतो. पण त्यांत धाप लागलेली दिसत नाही, आणि खऱ्या मोडीत ती दिसते. पेशवाईतल्या कारकुनाचा हात कोठे दमला, कोठे शाई संपत आली, हे कागद सांगतो.

देवनागरीच्या नाजूक फाँटांवर माझा मुख्य आक्षेप असा आहे की बहुतेकांनी रेघ परकी घेतली आहे. दाबाची नाजुकता उचलून ती दिशेच्या लिपीवर चढवली आहे. त्यामुळे जिथे बोरू आपसूक जाड झाला असता तिथे केस, आणि जिथे निसटती रेघ यायची तिथे फुगवटा. डोळ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते, पण काय ते सांगता येत नाही. दुसरे शिरोरेघेचे. कार्टरला ज्या सांध्यासाठी एवढी मेहनत पडली तो सांधा आपल्याला शिरोरेघेने जन्मतःच दिला आहे. प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा घेऊन येते आणि शेजाऱ्याला भिडते. पण सरळ रेघ 'हस्ताक्षरी' दिसत नाही म्हणून फाँट करणारा तिला लाट देतो. आता प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना एकाच उंचीवर आला पाहिजे, नाहीतर जुळणार नाही. म्हणून लाट प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तेवढ्यापुरतीच उठते आणि बसते. ओळ पाहिली की वाटते, कुणीतरी उंटांचा तांडा उभा केला आहे. हाताने लिहिताना लाट येते ती सबंध शब्दाला मिळून एक येते.

तिसरी गोष्ट जोडाक्षरांची. रोमन लिपीत लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे. त्यांची चार चार रूपे करायला झाप्फसारखा माणूस लागला. आपल्याकडे इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली काढलेला 'कलम' हा फाँट पाहा. तो नाजूक नाही, जाड पेनाने भराभर लिहिल्यासारखा आहे आणि म्हणूनच मला प्रामाणिक वाटतो. त्याच्या एकेका वजनात हजारावर आकृती आहेत, आणि त्या बहुतेक एकेकच रूपाच्या. यांना प्रत्येकी चार रूपे द्यायची म्हटली तर एका माणसाचा जन्म पुरायचा नाही. म्हणून पत्रिकेचे फाँट करणारे घाईत हात आखडतात: 'द्वितीय' मधला द्व फुटतो, 'कुलस्वामिनी' चा स्व लंगडतो, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. आणि आकडे तर शेवटी उरलेल्या वेळात काढलेले असतात. अक्काला विचारा.

आता एकसारखेपणाविषयी. टीकाकारांचा नेहमीचा हल्ला असतो की छापील हस्ताक्षरात प्रत्येक 'क' तोच येतो, त्याची तीच गाठ, तोच लचका. म्हणून ते निर्जीव. मीही वर्गात असेच सांगत असे. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, तो मी पुन्हा वाचला आणि थबकलो. समर्थांना चांगले अक्षर कोणते वाटते? पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे असे. म्हणजे एकसारखेपणा हा दोष नसून साधना आहे! मग यंत्राने ती साधली तर बिघडले कुठे? दोन-तीन रात्री मी या प्रश्नाशी झटत होतो. मला सुचलेला भेद असा: समर्थांचा लेखक एकसारखेपणाकडे चाललेला आहे, आणि प्रत्येक अक्षरात तो थोडासा कमी पडतो, त्या कमी पडण्यातच त्याचा हात ओळखू येतो. नाजूक फाँट उलट दिशेने चालतो. तो मुळात अचूक एकसारखा आहे आणि कमी पडल्याचे सोंग आणतो. साधा छापील टंक असे सोंग आणत नाही, म्हणून तो हजार वेळा तोच 'क' देतो तरी आपल्याला खुपत नाही. सोंग एकदा पाहावे, गंमत वाटते. त्याच ओळीत तिसऱ्यांदा तोच लचका आला की बहुरूप्याची मिशी सुटल्यासारखे होते.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, पण माझे हातही स्वच्छ नाहीत. माझ्या मागच्या कादंबरीत एका आईची अकरा पत्रे आहेत. बाई पन्नाशीत रात्रीच्या वर्गात लिहायला शिकलेली, मुलगा परगावी. प्रकाशक म्हणाले, 'मास्तर, पत्रे हस्ताक्षरी फाँटात घेऊ या, वाचकाला खरी वाटतील.' नमुना आला. फार देखणा होता. मी भुललो आणि होय म्हणालो. पुस्तक निघाल्यावर महिन्याभराने एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे कार्ड आले. कादंबरी त्यांना आवडली होती, पण त्यांनी एकच शंका विचारली होती: पन्नाशीत 'अ' शिकलेल्या बाईच्या वेलांट्या एवढ्या सफाईने कशा वळतात? ही बाई पत्र लिहिते आहे की साडीच्या दुकानाची जाहिरात?

मला घाम फुटला. पत्रांतल्या शब्दांसाठी मी दोन वर्षे झिजलो होतो. कुठे तिला जोडाक्षर येत नाही म्हणून ती शब्दच बदलते, कुठे मुलाच्या सुनेविषयी लिहायचे म्हणून अडखळते, हे सगळे मी मांडले होते. आणि त्या सगळ्यावर मी एक परका, सुखवस्तू हात पसरून दिला होता. ती बाई ज्या हाताने उसाच्या फडात राबली तो हातच मी तोडून टाकला होता. साध्या टंकात पत्रे छापली असती तर वाचकाने तिचा हात स्वतःच्या मनाने काढला असता. प्रत्येकाला ओळखीची अशी एखादी आई, एखादी आजी असतेच.

नाजूक अक्षराची जागाच नाही असे मात्र मी म्हणत नाही. मराठी रंगभूमीच्या जाहिरातींत कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी कितीतरी वर्षे नाटकांची नावे रेखाटली. त्यांत जाड, दांडगी अक्षरे आहेत तशी विलक्षण हळवीही आहेत. पण ती त्या एका नाटकासाठी काढलेली. त्यांतला काना उचलून दुसऱ्या नाटकाला लावता येणार नाही. अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून मुक्तलिपी घडवली, तिथेही बोरूची दिशा शाबूत आहे. पत्रिकेवर फक्त वधूवरांची दोन नावे अशा एखाद्या वळणात यावीत आणि तिथी, वार, वेळ, पत्ता साध्या ठसठशीत टंकात यावा, एवढे केले तरी माझी निम्मी तक्रार मिटेल. नाव माणसे पाहतात. वेळ वाचतात. पाहण्याच्या आणि वाचण्याच्या अक्षरांत फरक ठेवायचा असतो हे आपल्या जुन्या छापखान्यांतल्या जुळाऱ्यांना न शिकवता कळत होते. पत्रिकेच्या मथळ्याला ते वेलबुट्टी लावत, पण मुहूर्ताच्या ओळीला कधी हात लावत नसत. प्रशस्तिपत्राचेही तेच. आमच्या चौथीतल्या एका मुलाला धावण्यात पहिले बक्षीस मिळाले. त्याने प्रशस्तिपत्र उलटसुलट करून विचारले, 'गुरुजी, यात माझं नाव कुठं आहे?'

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती आता निघते आहे. पत्रे सगळी साध्या टंकात घेतली आहेत, दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून. फक्त शेवटच्या पत्राखालची 'तुझी आई' ही दोन अक्षरी-अडीच अक्षरी सही हाताची असावी असे माझ्या मनात आले. अक्काकडे गेलो. तिच्यासारख्या मोत्यासारख्या अक्षराने हे काम व्हायचे नाही, हे मला जाताजाताच कळले होते. पण तिने ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि पेन डाव्या हातात घेतले. पाच-सहा वेळा लिहिले. एकदा 'झ' लिहिताना हात घसरला, ती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, 'हे घे. असंच काढलं असतं तिनं.'

तो कागद मी छापखान्यात दिला. काल तिथून निरोप आला: 'ई' चा रफार जरा पुसट उमटला आहे आणि शिरोरेघ मध्ये तुटली आहे, संगणकावर नीट करून घेऊ का? मी अजून उत्तर दिलेले नाही. अक्काला विचारून सांगतो म्हटले आहे.